वास्तू विकण्याआधी माळा उतरवा

गेल्या अंकात मी आमच्या संघटनेच्या मुख्यालयाच्या विक्रीची हकिगत थोडक्यात लिहिली होती. अभियंत्यांच्या या संघटनेत मी सव्वीस वर्षं कार्यालय सचिव होते. स्वतःची दुमजली इमारत, वर सभागृह, खाली कार्यालय आणि ग्रंथालय. ती विकली गेली आणि सगळा कारभार भाड्याच्या दोन खोल्यांत आला. त्या लेखावर आलेली पत्रं वाचताना जाणवलं, की निरनिराळ्या पेशांच्या कितीतरी संघटना आज याच विचारात आहेत. त्यांतली चार पत्रं इथे घेते. नावं आणि ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : मी आमच्या व्यावसायिक संघटनेचा खजिनदार आहे. मुख्यालयाची इमारत जुनी झाली आहे. वर्गणीतला मोठा भाग छप्पर, लिफ्ट, वीज आणि पहारा यांतच जातो. सभागृह महिन्यातून दोनदा उघडतं. कार्यकारिणीला इमारत विकायची आहे. ज्येष्ठ सभासद म्हणतात, ‘ही संस्थापकांनी दिलेली ठेव आहे, तिला हात लावू नका.’ मी कोणाच्या बाजूने उभं राहावं?

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेला जमाखर्च मी दोनदा वाचला. दोन दिवसांच्या वापरासाठी तीस दिवस इमारत पोसायची आणि तरुण सभासदांच्या प्रशिक्षणाला पैसे उरू द्यायचे नाहीत, हे संस्थापकांनाही रुचलं नसतं. तेव्हा इमारत विकण्यात पाप आहे असं मी मानत नाही. पण ज्येष्ठांनी वापरलेला ‘ठेव’ हा शब्द मनावर घ्या, कारण पुढचं सगळं त्या शब्दावर अवलंबून आहे.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. विक्रीची रक्कम आली त्या वर्षी ती मुदत ठेवीत गेली. दुसऱ्या वर्षी अधिवेशनात तोटा आला, तो ‘तात्पुरता’ म्हणून त्या ठेवीतून भरला. तिसऱ्या वर्षी निवडणूक होती. वर्गणी कमी करण्याचा ठराव टाळ्या वाजवून मंजूर झाला आणि पडलेली तूट पुन्हा तिथूनच भरून काढली. शिवाय आता दर महिन्याला भाडं होतं, जे पूर्वी कधीच नव्हतं, आणि करार नवा झाला की ते वाढायचं. सातव्या वर्षी मी ताळेबंद तयार करायला बसले तेव्हा मूळ रकमेतली निम्मीही उरली नव्हती. कोणी एक पैसा खाल्ला नव्हता. प्रत्येक खर्चाला ठराव होता, प्रत्येक ठरावावर सही होती. त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं. विक्रीचा ठराव ज्या सभेत येईल त्याच सभेत, त्याच विषयपत्रिकेवर दुसरा ठराव ठेवा : विक्रीची रक्कम स्वतंत्र निधी म्हणून राहील, फक्त तिचं उत्पन्न वापरता येईल, त्या उत्पन्नातलाही काही हिस्सा दरवर्षी मूळ रकमेत जाईल, म्हणजे महागाईने ती झिजणार नाही, आणि मुद्दल मोडायचं तर सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतं लागतील. हा दुसरा ठराव मंजूर होणार नसेल, तर पहिल्याच्या विरोधात मत द्या. खजिनदाराने विरोधात मत दिलं आणि ते इतिवृत्तात नोंदलं गेलं, तर पुढच्या कार्यकारिणीला थांबून विचार करावा लागतो.

भाड्याचा हिशेब एका वर्षाचा मांडू नका. पंधरा वर्षांचं भाडं, त्यातली वाढ, दर वेळी जागा बदलण्याचा खर्च, मोठ्या सभेसाठी बाहेर घ्यावं लागणारं सभागृह, हे सगळं एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला दुरुस्तीसह इमारतीचा खर्च. आणि मध्ये तिसरा रकाना ठेवा : वरचा मजला भाड्याने दिला तर? आमच्याकडे हा तिसरा रकाना कोणी मांडलाच नाही. मीही नाही मांडला, आणि ती माझी चूक होती.

सभासदांना आधी सांगा, हे तर सर्वात महत्त्वाचं. लंडनमध्ये अल्बेमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशन ही १७९९ साली स्थापन झालेली विज्ञानसंस्था आहे. मायकेल फॅरेडे यांनी विजेवरचे प्रयोग याच इमारतीत केले. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणावर संस्थेने सुमारे दोन कोटी वीस लाख पौंड घातले आणि ती कर्जात बुडाली. जानेवारी २०१३ मध्ये इमारत विकण्याचा विचार चालू असल्याची बातमी बाहेर आली, तेव्हा नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ हॅरी क्रोटो यांच्यासारखी माणसं ती वाचवण्यासाठी पुढे आली. मार्चमध्ये नाव न सांगणाऱ्या एका देणगीदाराने चव्वेचाळीस लाख पौंड दिले, बँकेचं कर्ज फिटलं आणि इमारत राहिली. प्रत्येक संघटनेला असा देणगीदार भेटेल असं मी म्हणत नाही. पण सौदा झाल्यावर कळवलं असतं, तर त्याही माणसाला काही करता आलं नसतं. आमच्या विषयपत्रिकेवर विक्रीचा विषय नवव्या क्रमांकाला होता आणि शब्द होते ‘स्थावर मालमत्तेबाबत विचार करणे’. सभागृहात त्या वेळी जेमतेम गणसंख्या उरली होती.

मूल्यांकनाबद्दल थोडं. इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांना जमीन किंवा इमारत विकण्याआधी पात्र सल्लागाराचा लेखी अहवाल घ्यावा लागतो आणि मिळणाऱ्या अटी त्या परिस्थितीत वाजवीपणे मिळू शकतील अशा सर्वोत्तम आहेत, अशी खात्री करून घ्यावी लागते. तुमची नोंदणी ज्या कायद्याखाली आहे त्यात पूर्वपरवानगीची अट आहे का, हे वकिलाकडून आधी तपासा. कायदा मागत नसला तरी दोन स्वतंत्र मूल्यांकनं घ्या. खरेदीदार कार्यकारिणीतल्या कोणाच्या नात्यातला किंवा व्यवसायातला असेल, तर त्या सभासदाने चर्चेच्या वेळी सभागृहाबाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

प्रश्न : आमच्या संघटनेच्या ग्रंथालयाचं काम मी बिनपगारी पाहते. कार्यालय छोट्या जागेत जाणार आहे आणि तिथे पुस्तकांना एक भिंतसुद्धा नाही. पदाधिकारी म्हणतात, ‘महत्त्वाचं स्कॅन करू, उरलेलं रद्दीत.’ महत्त्वाचं काय ते ठरवायला मला तीन आठवडे दिले आहेत. ताई, मी काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही, कारण मला तीन आठवडेही मिळाले नव्हते.

ताबा द्यायला दोन दिवस उरले होते. जिन्यावरच्या माळ्यावर काही राहिलंय का, म्हणून मी आमच्या शिपायाला शिडी लावायला सांगितली. वर एक लोखंडी पेटी सापडली. पहिल्या अकरा वर्षांची इतिवृत्तं, संस्थापक सभासदांच्या सह्यांची नोंदवही, नकाशांच्या गुंडाळ्या, काचेच्या स्लाइड्स. शिपाई म्हणाला, ‘बाई, अशीच दुसरी पेटी होती, ती मागच्या आठवड्यात रद्दीबरोबर गेली.’ त्या दुसऱ्या पेटीत काय होतं हे मला सहा वर्षांनी कळलं. एक तरुण अभियंता कार्यालयात आला. जुन्या पुलांवर आमच्या सभासदांनी एकेकाळी भारचाचण्या केल्या होत्या, त्यांची हाताने लिहिलेली मोजमापं त्याला हवी होती. छापील अहवालात फक्त निष्कर्ष होते आणि तळाशी टीप होती : ‘मूळ नोंदी संघटनेच्या दप्तरी.’ ते दप्तर म्हणजे ती पेटी. मी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि नाही म्हणून सांगितलं. आजही तो प्रसंग आठवला की घसा दाटतो.

तेव्हा पुस्तकांच्या कपाटाला आधी हात लावू नका. पुस्तक छापलेलं असतं, बहुधा आणखी कुठेतरी त्याची प्रत असते. जे दुसरीकडे कुठेच असू शकत नाही, तिथून सुरुवात करा : इतिवृत्तं, पत्रव्यवहार, सभासद नोंदवह्या, समित्यांची टिपणं, छायाचित्रं, संघटनेची स्वतःची मुखपत्रं आणि परिषदांचे वृत्तान्त. हे सगळं मिळून चार कपाटांच्या वर सहसा जात नाही. माळे, जिन्याखालची जागा, सभागृहाच्या व्यासपीठामागची खोली आणि माजी अध्यक्षांच्या घरची कपाटं, ही सगळी ठिकाणं बघा. माजी अध्यक्षांकडे हमखास काहीतरी असतं, आणि त्यांना ते परत मागितलं तर आनंदच होतो.

छायाचित्रांसाठी एक रविवार राखून ठेवा. सर्वात जुन्या पाच-सहा सभासदांना बोलवा, फोटो टेबलावर पसरा आणि कोण कुठे उभं आहे ते विचारून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. नावं नसलेला फोटो स्कॅन करून ठेवला तरी दहा वर्षांनी त्यातली माणसं कोणालाच ओळखू येत नाहीत.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही. पण ‘स्कॅन करू आणि टाकून देऊ’ हे वाक्य कोणी उच्चारलं की तीन गोष्टी विचारा. फायली कोणाच्या नावावर राहतील? साठवणुकीचे पैसे दरवर्षी कोण भरेल? आणि पान अस्पष्ट आलं असेल तर पुन्हा बघायला मूळ कागद कुठे असेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा कोणाकडे नसतं.

एका जुन्या व्यवहाराची गोष्ट मला फार धीर देते, म्हणून ती सविस्तर सांगते. न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०४ मध्ये अभियंत्यांच्या संघटनांना एकत्र इमारत बांधता यावी आणि शेजारी अभियंत्यांचा क्लब उभा राहावा म्हणून पंधरा लाख डॉलर दिले. यांत्रिकी, विद्युत आणि खाण अभियंत्यांच्या संघटना पश्चिम ३९व्या रस्त्यावरच्या त्या इमारतीत आल्या. स्थापत्य अभियंत्यांच्या सभासदांनी मात्र मतदान करून नकार दिला. त्यांची स्वतःची इमारत होती आणि ती सोडवेना. दहा-बारा वर्षांनी तेही आले. इमारतीची मालकी कोणा एका संघटनेकडे नव्हती, त्यासाठी वेगळी संस्था नोंदवली होती. संघटनांच्या ग्रंथांचाही एकच मोठा संग्रह झाला. १९६१ मध्ये सगळे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर नव्या इमारतीत गेले आणि ग्रंथही बरोबर गेले.

मग नव्वदच्या दशकात ही दुसरी इमारतही विकायची वेळ आली. स्थापत्य अभियंत्यांनी व्हर्जिनिया राज्यात रेस्टनला मुक्काम हलवला, इतर आपापल्या वाटेने गेले. विकलेल्या जागेवर आज २००१ मध्ये पूर्ण झालेला निवासी मनोरा उभा आहे. पण ग्रंथसंग्रह त्याआधीच, १९९५ मध्ये, कॅन्सस सिटीच्या लिंडा हॉल ग्रंथालयाकडे गेला होता. विज्ञान आणि अभियांत्रिकीला वाहिलेलं, सर्वांना खुलं असलेलं ते ग्रंथालय आहे. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी ग्रंथांना घर शोधलं, इमारत मागाहून विकली. ज्या शहरात तो संग्रह वाढला तिथून तो हजारएक मैल दूर गेला याचं दुःख तिथल्या अभियंत्यांना झालं असणारच, पण आज कोणी विचारायला गेलं तर ग्रंथपाल कपाटापर्यंत नेऊ शकतो.

दुसरं उदाहरण ग्रंथपालांच्याच संघटनेचं आहे, म्हणून तुम्हाला जवळचं वाटेल. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने शिकागोतलं ह्यूरॉन स्ट्रीटवरचं आपलं जुनं मुख्यालय विकलं आणि २०२० मध्ये मिशिगन अव्हेन्यूवर कार्यालय नेलं. पण त्यांचं जुनं दप्तर १९७३ पासूनच इलिनॉय विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. इमारत बदलली तरी ते जागचं हलवावं लागलं नाही.

तुम्हीही तीन आठवड्यांत सगळं निवडू नका. त्या वेळात एक विद्यापीठ किंवा मोठं ग्रंथालय शोधा, आणि सभासदांना तिथे जाऊन वाचता येईल, संग्रह एकत्र राहील, काही नको असेल तर ते विकण्याआधी संघटनेला विचारलं जाईल, एवढं कागदावर घ्या. तोवर पेट्या एखाद्या सभासदाच्या कोरड्या खोलीत ठेवा आणि प्रत्येक पेटीवर आत काय आहे त्याची यादी चिकटवा. पदाधिकाऱ्यांना लेखी कळवा, की यादी होईपर्यंत एकही पेटी जाणार नाही. तुम्ही बिनपगारी आहात म्हणून तुमचं म्हणणं हलकं ठरत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांनी त्यांच्या संघटनेच्या सभागृहासाठी मोठी देणगी दिली होती. दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. इमारत विकल्याचं मला एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. माझा काही हक्क आहे का, की मी गप्प बसावं?

उत्तर : गप्प बसू नका. देणगी देतानाचं पत्र आणि त्यावर संघटनेने केलेला ठराव यांच्या प्रती आधी मागा. ‘सभागृहासाठी’ असं स्पष्ट लिहून दिलेले पैसे आणि सर्वसाधारण निधीत दिलेले पैसे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी दुसऱ्या कामाकडे वळवायची तर अनेक देशांत नियामकाची किंवा न्यायालयाची मान्यता लागते. पत्रात अट असेल तर वकिलाला दाखवा. अट नसेल तर हक्क कदाचित नसेल, पण तुम्हाला विचारलं जायला हवं होतं, आणि तसं लिहून कळवायचा अधिकार तुम्हाला आहेच.

आमच्या विक्रीनंतर अशीच एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे साठीची बाई. ‘बाबांची पाटी कुठे आहे’ एवढंच तिने विचारलं. तोडकाम सुरू झालं होतं. मी आमच्या शिपायाला घेऊन गेले, ढिगाऱ्याशेजारी पाटी सापडली, कोपरा उडाला होता. तिने ती ओढणीत गुंडाळून नेली. संघटनेकडून तिला एक ओळीचं पत्रही गेलं नव्हतं आणि पत्रांचं खातं माझ्याकडे होतं. मी तिची क्षमा मागितली.

तुमच्या वडिलांची पाटी, कोनशिला, तैलचित्र यांतलं जे काही असेल ते ताबा देण्याआधी सुखरूप काढून घ्यायला सांगा. नव्या जागेत पाटीला भिंत नसेल, तर वार्षिक व्याख्यानाला किंवा शिष्यवृत्तीला वडिलांचं नाव देता येतं का ते विचारा. अशी व्याख्यानं भाड्याच्या जागेतही होतात. नावासाठी इमारत स्वतःच्या मालकीची असावीच लागते असंही नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, २०१३ मध्ये शिकागोच्या एका जुन्या प्रसिद्ध इमारतीत भाडेकरू म्हणून गेली आणि त्या इमारतीला संघटनेचंच नाव मिळालं.

प्रश्न : मी संघटनेच्या कार्यालयात एकोणीस वर्षं लिपिक आहे. नवी जागा लांब आहे, काहींना घरून काम करायला सांगणार आहेत. आम्हा चौघांना कोणी काही विचारलेलं नाही. सभासद मात्र रोज फोन करून मलाच विचारतात.

उत्तर : प्रवासखर्च, कामाची वेळ, घरून काम करायचं तर यंत्र आणि फोन कोणाचा, सेवेची वर्षं तशीच धरली जाणार ना, हे प्रश्न चौघांच्या सह्यांनी लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर राहू नका. आम्ही राहिलो होतो.

आणि स्थलांतराच्या समितीत एक जागा मागा. हक्काने मागा, कारण पदाधिकाऱ्यांना माहीत नसलेल्या शंभर गोष्टी तुम्हाला माहीत आहेत. जुना पत्ता कुठे कुठे छापला आहे ते तुम्हीच सांगू शकता : प्रमाणपत्रं, शिक्के, पावतीपुस्तकं, बँक, करखातं, नोंदणी कार्यालय, मुखपत्राचं शेवटचं पान. टेलिफोनचा क्रमांक बदलू देऊ नका, तो म्हाताऱ्या सभासदांना पाठ असतो. टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज महिनाभर आधी द्या.

सौद्याच्या कागदातच एक ओळ घालून घ्यायला सांगा, की नव्या पत्त्याची पाटी जुन्या फाटकावर निदान वर्षभर राहील. आमच्या कागदात ती ओळ नव्हती. आमचे एक ज्येष्ठ सभासद, वय ब्याऐंशी, वर्गणीचा धनादेश कधी टपालाने पाठवत नसत, स्वतः घेऊन येत. त्या वर्षीही आले. पत्र्याच्या कुंपणाआड खोदकाम चाललं होतं. बांधकामावरच्या पहारेकऱ्याने त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं आणि धनादेशाच्या पाकिटावर छापलेला आमचा जुना फोन नंबर फिरवला. तो बंद होता. तासभर बसून ते परत गेले.